धोंडूनानांची कवळी

धोंडूनाना उतेकर कुणाला "कसा हायस?" असं विचारत नसत. पोलादपूरच्या बाजारात माणूस समोर आला की ते दोन पावलं मागे सरत, मान तिरकी करत आणि विचारत, "डावी वरची कशी हाय?" विचारलेला माणूस आधी जिभेने डावी वरची चाचपायचा आणि मग खरं ते सांगायचा. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. कुणाचा निरोप सांगायचा असला तर "तो रे, फुडचा तिरपा," किंवा "ती गो, दोन दाढांत फट असल्याली," अशी ओळख सांगायचे, आणि गंमत म्हणजे ती पटायची. कुणी वारलं की बाकीचे लोक मयताचे गुण आठवत बसत. नाना मात्र सगळ्यांच्या मागे उभे राहून एवढंच म्हणत, "बत्तीसच्या बत्तीस घेऊन गेला." यापेक्षा मोठा गौरव त्यांच्यापाशी नव्हता. ज्याचे कमी असत त्याच्याविषयी ते काहीच बोलत नसत. मेलेल्याची बदनामी करू नये, एवढं त्यांना कळत होतं.

जिवंतांच्या बाबतीत ही सवलत नव्हती. नवे फौजदार हजर झाले तेव्हा नाना त्यांना पहिल्याच भेटीत म्हणाले, "सायब, झोपेत दात खाता. झिजल्यात." फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि तो खाली आणताना तोंडावरच ठेवला. बदली होईपर्यंत ते नानांच्या दुकानावरून जाताना ओठ घट्ट मिटून जात.

मी तेव्हा पोलादपूरच्या शाळेत नवा मास्तर होतो. नवे पैसे सुरू झाले त्या सुमाराची गोष्ट. वय बावीस, आणि महाडचा असल्यामुळे पोलादपूर म्हणजे खेडं अशी समजूत. घरून एस.टी.ने आलेल्या पार्सलची सुतळी मी स्टँडवर उभा राहून दाताने तोडत होतो. मागून कुणीतरी माझा जबडा दोन बोटांत धरला.

"दात हायत का अडकित्ता?"

मी रागाने वळलो. "आपण कोण?"

"आदी चूळ भर, मग बोल," असं म्हणून त्या माणसाने तांब्या माझ्या हातात दिला. आणि का ते आजतागायत कळलेलं नाही, पण मी भर रस्त्यात गुमान चूळ भरली. तोंड पुसेपर्यंत राग कुठे गेला तो सापडेना.

"आदी चूळ भर" हे नानांचं ठरलेलं वाक्य. चहा झाल्यावर चूळ, गूळ खाल्ल्यावर चूळ, बातमी सांगायच्या आधी चूळ. दोन भाऊ बांधावरून भांडत कचेरीकडे निघाले की वाटेत नानांचं दुकान लागे. नाना दोघांच्या हातात तांब्या देत. तोंडात पाणी असलेल्या माणसाला शिवी देता येत नाही, आणि पाणी टाकून देईपर्यंत शिवी शिळी होते. पण एवढ्यावर भाऊ समेट करत असं समजू नका. ते पुढे जाऊन कचेरीत भांडत. मात्र स्वच्छ तोंडाने.

नाना मूळचे वरच्या वाडीचे. पोलादपूरहून दोन तास चढ चढला की दहा-बारा घरांची ती वाडी लागते. वाडीतली सगळी पोरं गिरणीत गेली; नाना अठराव्या वर्षी मुंबईत उतरले ते ग्रँट रोडच्या एका पारशी दातवाल्याकडे झाडू मारायला लागले. झाडूवरून बढती झाली ती डोकी धरण्यावर. डॉक्टर दात काढायचा आणि नाना मागे उभं राहून पेशंटचं डोकं पोटाशी घट्ट धरायचे. पुढे पुढे ते मापाचं मेण मळायला, साचे ओतायला शिकले. अशी पंचवीस वर्षं गेली. मग डॉक्टरचा मुलगा विलायतेहून शिकून आला. त्याने येताना एक खुर्ची आणली. तिला डोकं टेकायची सोय होती. नानांची नोकरी त्या खुर्चीने खाल्ली.

गावी येऊन त्यांनी स्टँडजवळ दुकान टाकलं. कंगवे, आरसे, सुया-दोरे, आणि पुढ्यात बाभळीच्या हिरव्या काड्यांच्या जुड्या. तंबाखू नाही, सुपारी नाही, लिमलेटच्या गोळ्या तर नाहीतच. फळीवर काचेच्या बरणीत पाण्यात बुडवलेली दातांची कवळी होती, डॉक्टरने निरोपाला दिलेली. आमच्या भागात कवळी कुणी पाहिलेली नव्हती. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं मीठ-मिरची घेऊन झाली की बरणीपुढे येऊन उभी राहत, देवळात राहावं तशी.

शिवाय नाना मंजन करत. मीठ, तुरटी, बाभळीची साल आणि लवंग. ते फुकट वाटत आणि वाटताना भाषण करत. "दात म्हंजी झाड. हिरडी म्हंजी माती. माती धुपली का झाड कोन धरनार? घासताना खराखरा घासू नको, भांडं नाय ते. बोटानं हिरडी चोळ. सकाळी एकदा, आनि जेवून निजायच्या आदी एकदा. रगत आलं तर घाबरू नको, मिठाचं कोमट पानी घे." बाया मान डोलावून पुडी घेत. तुरटीने पितळ फार सुरेख उजळतं हा शोध त्यांना आठवड्याभरात लागला. नानांच्या मंजनाने पोलादपुरातल्या समया जेवढ्या लखलखल्या तेवढे दात काही लखलखले नाहीत. एकाने विचारलं, "नाना, दातासाटी सव गावच्या गरम कुंडावर जाऊ काय?" नाना म्हणाले, "पानी घरी तापव. कुंडात लोक अंग धुत्यात."

एक गोष्ट मात्र ते करत नसत. ते दात काढत नसत. लोक गाल धरून येत, पाया पडत, "तुला येतंय, मग काढ की," म्हणत. नाना नुसती मान हलवत. "काढायला अक्कल लागत नाय, रे. राखायला लागते. काढायचा तर महाडला जा."

मलाही त्यांनी महाडलाच धाडलं. माझी उजवी खालची दाढ ठणकायला लागली तेव्हा मी न्हाव्याच्या सल्ल्याने तीत तंबाखू भरली आणि तिसरीच्या वर्गात पाढे म्हणवून घेताना सतरा नव्वे म्हणता म्हणता टेबलाखाली गेलो. नानांनी आठ दिवस माझ्याकडून मिठाच्या गुळण्या करून घेतल्या आणि एक चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवलं. चिठ्ठीत त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात होतं, "मागून दुसरी. बाकीच्यास्नी हात लावू नये." दवाखान्यात बाकावर बसलो असताना आतून चिमटा ताटलीत ठेवल्याचा आवाज आला, आणि मी उठून परतीच्या गाडीत बसलो. गालात कापूस कोंबून पोलादपूरला उतरलो. नाना स्टँडवरच होते.

"काढली?"

मी विव्हळत मान डोलावली. त्यांनी दोन बोटांनी कापूस ओढून काढला, उलटसुलट बघितला आणि माझ्या हातात दिला.

"कोरडा हाय."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर आले आणि माझं डोकं पोटाशी धरून उभे राहिले. दाढ निघाली. डॉक्टर म्हणाले, शेजारची थोडक्यात वाचली. ती अजून आहे, तिच्या शेजारपाजारच्याही आहेत. आज मी म्हातारपणी जे काही कडाकडा चावतो त्याचं श्रेय त्या माणसाला आहे, आणि ते आठवलं की घास गोड लागत नाही. का, ते आता सांगतो.

नाना शनिवारी वाडीवर जात आणि सोमवारी खाली येत. वर त्यांची बायको होती, भागूकाकी. मूलबाळ नव्हतं. मी एकदा सहज विचारलं, "काकूंना खाली का आणत नाही?" नाना कंगवे पुसत होते ते पुसतच राहिले. मग म्हणाले, "ती माज्यासमोर तोंड उघडत नाय."

मला वाटलं, अबोला असेल. तसं नव्हतं. काकी बोलायच्या, पण तोंडावर पदर धरून. तोंडात एकही दात उरला नव्हता.

नानांनी ते मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, दुकानात गिऱ्हाईक नसताना. वर्षाला पंधरा दिवस रजा. कधी शिमग्याला, कधी गणपतीला. वाडीतले बाप्ये सगळे मुंबईला. बाया दुपारची कामं उरकून एका ओट्यावर बसत, तव्यावर तंबाखू जाळून केलेली मशेरी दातांना लावत आणि बोलत. तेवढाच त्यांचा विसावा. नाना रजेवर येत ते डॉक्टरचं सगळं ज्ञान घेऊन. आल्या आल्या पहिलं काम बायकोची मशेरीची डबी शोधून उकिरड्यावर भिरकावायचं. रजा संपून ते घाट उतरले की ती दुसरी डबी करायची. एका वर्षी सगळ्या बाया ओट्यावर असताना नाना तिला म्हणाले, "तुज्या तोंडाला वास येतो, गो." बाया हसल्या. त्या दिवसापासून पदर वर गेला.

"हिरड्या गेल्या व्हत्या तिच्या," नाना म्हणाले. "मला वास कळला. हिरडी दिसली नाय. मुंबईत मी कुनाकुनाच्या तोंडात बघितलं मास्तर. शेटसावकार, नाचनाऱ्या बाया, एक गोरा सायबसुदिक. हिला कवा 'दाखव' म्हनलं नाय."

आता त्यांना एकच गोष्ट हवी होती: काकींना कवळी करून द्यायची. बाकी सगळं, म्हणजे दुकान, मंजन, चुळा, हे त्या एका गोष्टीच्या आजूबाजूचं होतं. त्यांच्या सांगण्यावरून मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत पारशी डॉक्टरला पत्र लिहिलं. म्हाताऱ्याचं उत्तर आलं की बाईला मुंबईला आणा, नाहीतर धोंडूला माप घेता येतं, त्याने साचा पाठवावा, मी करून देतो. सोबत गुलाबी मेणाची वडी आली. कोमट पाण्यात मेण मऊ करायचं, तोंडात धरायचं, हळूच दाबायचं. एवढंच काम. त्यासाठी काकींनी नवऱ्यासमोर तोंड उघडायला हवं होतं.

चैत्रापासून श्रावणापर्यंत नाना दर शनिवारी मेण घेऊन वर गेले आणि दर सोमवारी मेण घेऊन खाली आले. मी विचारायचो, "काय झालं?" ते म्हणायचे, "पदर."

श्रावणात मी रक्षाबंधनाला महाडला गेलो होतो. चवदार तळ्याच्या रस्त्याला एका तंबाखूवाल्याच्या दुकानात, पाठमोरे, छत्री खाली धरून, कोण उभे असावेत? मी हळूच मागे जाऊन उभा राहिलो. नाना पान हुंगून बघत होते. "मशेरीला चांगली जळंल अशी दे," म्हणत होते.

"नाना," मी म्हणालो, "आधी चूळ भरा."

त्यांनी वळून पाहिलं. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा नव्हता. "तिला देनार हाय," ते म्हणाले. "मी फेकल्या तेवढ्या डब्या काय भरून देता येत नायत. एक तर दिऊ." पुडी धोतराच्या सोग्यात बांधून ते गेले. पुढच्या सोमवारी ते खाली आले तेव्हा मेणात हिरड्यांचा ठसा होता. वरचा आणि खालचा. त्यांनी तो मला दोन हातांवर धरून दाखवला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, दोन नालांसारख्या खळ्या. पण नाना त्याच्याकडे असे बघत होते की मीही बराच वेळ बघितलं.

"पुडी ठेवली तिच्याफुडं," ते म्हणाले. "कायबी बोललो नाय. मग तीच म्हनाली, आना ते मेन."

साचा मुंबईला गेला. आता दोन-अडीच महिने थांबायचं होतं, आणि मला थांबणं जमत नाही. रिकामा असलो की माझी जीभ कामाला लागते. भाद्रपदातल्या एका बाजाराच्या दिवशी मी हॉटेलात चहा पीत होतो. भोवती डोंगरातली माणसं होती. एकाने विचारलं, "मास्तर, ती बरनीतली कवळी करत्यात कशाची?"

खरं सांगितलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. पण माझ्याकडे दहा-पंधरा माणसं कान देऊन बसली होती, आणि असा योग मास्तराला वर्गात कधी येत नाही. मी म्हणालो, "कशाची म्हणजे? मुंबईत मसणवट्यावर माणसं ठेवलेली असतात. चांगले दात दिसले की मयत जाळायच्या आधी काढून घेतात. धुतात, पॉलिश करतात, बसवतात."

"खरं काय?"

"मग. म्हणून तर जपून घ्यावी लागते. आमच्या महाडात एका सोवळ्या बाईने बसवली. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून सुकट मागायला लागली. चौकशी केली तेव्हा कळलं, दात कोळ्याचे."

हॉटेल हसून हसून आडवं झालं. मालकाने मला चहा परत भरून दिला. मी तो घेतला. सगळे हसले म्हणजे सगळ्यांना विनोद कळला, असं मी धरून चाललो. बावीस वर्षांच्या माणसाला याहून अधिक अक्कल नसते आणि मला तर तेवढीही नव्हती. मिठाच्या पिशव्यांबरोबर ती गोष्ट संध्याकाळच्या आत डोंगर चढून गेली.

भातं कापून झाली तेव्हा पार्सल आलं. नानांनी ते दुकानात उघडलं नाही. "वर उघडू," म्हणाले. "तू चल. पत्र तू लिवलंस." शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. ज्या चढावर नाना एरवी तीनदा बसत तिथे ते एकदाही बसले नाहीत. वाटेत एकदाच बोलले. "भाकरी खाईल ती. पंचवीस वर्सं नाचनी दळून घातली तिनं माज्या आईला, आनि आता सोता पेज पिते."

काकींनी घोंगडी अंथरली, पाणी आणि गूळ पुढे केला. पदर तोंडावर होता, पण डोळे डबीकडे होते. नानांनी डबी उघडली. कवळी तीन पाण्यांनी धुतली, धुतलेल्या पंचावर ठेवली, पंचा ताटात ठेवला आणि ताट काकींपुढे सरकवलं. गुलाबी हिरड्या, पांढरे शुभ्र दात. बरणीतल्या त्या कवळीपेक्षा किती तरी नाजूक. म्हाताऱ्या पारशाने मन लावून काम केलं होतं.

काकींनी बराच वेळ बघितलं. मग पदराआडून विचारलं, "कुनाचं हायत?"

"तुजंच," नाना हसून म्हणाले. "तुज्या मापाचं."

"माप माजं. दात कुनाचं?"

नानांना कळेना. मला कळलं. घोंगडी एकदम टोचायला लागली.

"बाजारातनं बाया सांगत आल्या," काकी शांतपणे म्हणाल्या. "मेल्याल्या मानसाचं काढून घेत्यात. मसनात."

"कुनी सांगितलं असलं? आन त्याला माज्याफुडं."

"मास्तरांनी," काकी म्हणाल्या.

नानांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तेवढ्या वेळात त्यांनी मला एखादी शिवी दिली असती तर मी ती आयुष्यभर जपून ठेवली असती.

मी भडाभडा बोलायला लागलो. काकू, ती थट्टा होती, मी गंमत केली, दात कारखान्यात होतात, चिनी मातीचे असतात, कपबशी असते ना तशी माती. काकींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आता तुमी असंच म्हननार. हे बाजूला बसल्यात. शिकल्याला मानूस हाटेलात बसून पंधरा जनांस्नी खोटं कशाला सांगंल?"

याला उत्तर होतं, पण ते असं होतं की शिकलेला माणूस एका कप चहासाठी सांगतो. ते न सांगता मी दुसरंच केलं. मला वाटलं, पुरावा द्यावा. मी ताटातली वरची कवळी उचलली आणि "हे बघा" म्हणून स्वतःच्या दातांवर चढवली.

ती बसणं शक्यच नव्हतं. माझे दात आत आणि ते दात बाहेर, असा मी बैलासारखा ओठ वर करून त्या बाईपुढे बसलो होतो. लाळ गळत होती. मेलेल्याचे असते तर माझ्या अंगावर काटा आला नसता का, असं मला त्यातून सुचवायचं होतं. काकींच्या डोळ्यांत क्षणभर हसू आलं आणि लगेच विझलं.

"मास्तर," नाना हळूच म्हणाले, "काय केलंस रे हे?"

"काही मोडलं नाही," मी ती काढत म्हणालो.

"उष्टी केलीस."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मेलेल्या माणसाचे दात हा निदान वादाचा मुद्दा होता. परक्या पुरुषाच्या तोंडात जाऊन आलेली वस्तू वाडीतल्या बाईने तोंडात घालणं हा वादाचाही मुद्दा नव्हता. मी म्हणालो, धुऊ या. सगळ्या दुनियेला तांब्या देणाऱ्या त्या माणसाने मान हलवली. "हे धुवून जात नाय."

मग नानांनी माझ्या हातातून ती कवळी घेतली. माझी लाळ तिच्यावर तशीच होती. हा माणूस दुसऱ्याच्या पेल्यातून पाणी पीत नसे, स्वतःचा पेला पिशवीत घेऊन हिंडत असे. त्याने ती तशीच उचलून स्वतःच्या तोंडात घातली. बत्तीस सणसणीत दातांवर ती बसेना. त्यांनी ती दाबून धरली. डोळ्यांतून पाणी आलं. मग खालचीही तशीच घालून काढली आणि दोन्ही ताटात ठेवून ताट पुन्हा पुढे केलं.

"आता माजं उष्टं हाय," ते म्हणाले. "घे."

नवऱ्याचं उष्टं खायला कुठल्याच बायकोला बंदी नव्हती. नवरा जेवून उठला की त्याच्याच ताटात बसायची रीत होती. नानांनी सापडली ती एकच वाट काढली होती.

काकी ताटाकडे बघत राहिल्या. आवाज चढवला नाही. "तुमचं उष्टं मी कवा नको म्हनलं? लगीन होऊन आले तवापासून तुमच्या ताटात बसायचं म्हनून थांबत व्हते. वर्साचं पंधरा दिस तुमी घरी. त्यातबी मशेरीवरनं भांडायचं आनि ताट पुसून खाऊन उठायचं. मी बघायची, कायतरी ठेवलं आसंल. घास कवा ठेवला नाय. आता दात ठेवता."

त्यांनी कवळी पंचात गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवून दिली. मी पोलादपूरला आणखी तीन वर्षं होतो. ती तिथेच होती.

पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत म्हणून त्यांनी आम्हाला वाढलं. भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा. मी खाली मान घालून गिळत होतो. शेजारी नाना जेवत होते, पण अर्ध्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी बांगड्याचा तुकडा घेतला आणि त्यातला काटा न् काटा वेचून बाजूला ठेवला. उरलेल्या भातावर पिठी ओतली. मग बोटांनी तो भात कुस्करायला लागले, सावकाश, एकेक शीत दाबून बघत, टणक लागलं की पुन्हा चुरत, लहान मुलाला भरवताना करतात तसा मऊ होईपर्यंत.

"मला बास," ते म्हणाले, आणि अर्धं ताट ठेवून उठले.

काकी चुलीशी होत्या. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग नानांकडे, मग पुन्हा ताटाकडे. पुढे आल्या, पाटावर बसल्या, आणि घास घेण्यासाठी पदर सोडला.

मी हात धुवायला म्हणून बाहेर गेलो आणि ओट्यावर जाऊन बसलो. तेवढी अक्कल मला त्या दिवशी आली.